रेकॉर्डिंग घराचं, कुलूप कंपनीचं

घरात रेकॉर्डर एक असेल आणि टीव्ही तीन असतील, तर त्या रेकॉर्डरमधलं तिन्ही टीव्हींवर दिसलं पाहिजे. आज मला एवढंच म्हणायचं आहे आणि ठासून म्हणायचं आहे. बैठकीतल्या सेट-टॉप डब्यानं टिपलेली मालिका सैपाकघराला लागून असलेल्या खोलीत दिसत नाही. मधली भिंत नऊ इंचांची, तिला भोक पाडून वायर नेता येते. पण तिकडचा डबा ती मालिका उघडत नाही, कारण रेकॉर्डिंगला कुलूप आहे आणि किल्ली घरात नाही. पैसे आपण भरले, वीज आपल्या मीटरची, रेकॉर्डचं बटण आपण दाबलं. मग ते कोणत्या खोलीत बसून पाहायचं, हे कंपनीनं का ठरवावं?

पुसदात वाशिम रोडकडच्या नाहीतर श्रीरामपूरच्या कुठल्याही ले-आउटमध्ये जा आणि मान वर करून स्लॅबकडे पाहा. छत्र्या दिसतील, सगळ्या दक्षिण आणि पूर्वेच्या मधे कुठंतरी तोंड करून. एकाच स्लॅबवर दोन-दोन, तीन-तीन. खाली भावाभावांचं फाटक एक, बोअर एक, कित्येक घरी चूलही एक, आणि वर छत्र्या तीन. खाली म्हातारे आईबाप, वर थोरला, त्याच्यावर धाकटा, अशी आपल्याकडची घरं. मुंबईच्या दोन खोल्यांत एका टीव्हीवर भागतं. इथं भागत नाही. म्हणून हा प्रश्न मुंबईपेक्षा आपल्याला जास्त टोचतो, आणि त्यावर बोलायचंही आपणच.

मागं वळून पाहिलं तर राग आणखी वाढतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, म्हणजे पुसदजवळच्या गहुलीचे. पुसदात टीव्ही पोचायला मात्र पुढं बरीच वर्षं गेली. तो आला तसा वाटून पाहण्यासाठीच आला. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं, तेव्हा ज्या घरी टीव्ही त्या घराची बैठक रविवारी सकाळी आळीची असायची. व्हीसीआरचं तेच. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रातभराच्या भाड्यानं यायचा, आणि भाडं एकट्यानं भरलं असं क्वचितच व्हायचं.

या देशात केबलचा धंदाच मुळी एका व्हीसीआरवर अनेक टीव्ही चालवण्यातून उभा राहिला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईसारख्या शहरांत कुणीतरी एका खोलीत व्हीसीआर ठेवला, त्याची तार जिन्यातून वर नेली आणि घराघरांत सिनेमा पोचवला. व्हीसीआरला ते जमायचं, कारण तो स्वतःच एक छोटं प्रक्षेपण करायचा. टीव्हीचं एक मोकळं बटण त्यावर लावलं की चित्र हजर. तार फोडा, दुसरा टीव्ही लावा, तिसरा लावा. १९९१ मध्ये आखाती युद्ध आणि स्टार टीव्ही आल्यावर त्याच तारांतून उपग्रहाच्या वाहिन्या धावू लागल्या. सरकारला केबलसाठी कायदा करायला १९९५ उजाडलं. तोवर गावोगावी विजेच्या खांबांवरून काळ्या तारा गेल्या होत्या. त्या तारेला घरात स्प्लिटर लावला की बैठकीत बातम्या, आत मालिका, वर पोरांचं कार्टून, सगळं एकाच वेळी चालायचं. स्प्लिटर इलेक्ट्रिकच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळायचा आणि तो लावायला कुणाची परवानगी लागत नसे.

मग डिजिटल आलं. नगरपालिकांच्या गावांसाठी, म्हणजे पुसदसाठीही, केबल डिजिटल करायची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. कोर्टकज्ज्यांमुळं ती बऱ्याच ठिकाणी पुढं सरकली, पण व्हायचं ते झालं. चित्र स्वच्छ झालं, वाहिन्या वाढल्या, मुंग्या गेल्या. हे चांगलंच झालं आणि ते मी मान्य करतो. पण त्याच दिवशी दर टीव्हीला एक डबा आला. एका तारेवर अख्खं घर पाहायचं, ती सोय गेली. तिच्या बदल्यात काय मिळालं, हे कुणी सांगितलं नाही.

मिळाली दुसऱ्या कनेक्शनची पावती. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, १ फेब्रुवारी २०१९ पासून नवे दर लागू केले. टीव्ही सुरू ठेवायचं नुसतं जोडणी शुल्क शंभर वाहिन्यांपर्यंत महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. वाहिन्यांचे पैसे वेगळे. दुसऱ्या टीव्हीला पुन्हा तेवढंच लावत, म्हणून ओरड झाली. तेव्हा १ जानेवारी २०२० च्या सुधारणेत ट्रायनं सांगितलं, की एकाच माणसाच्या नावावर एकाहून जास्त टीव्ही असतील तर दुसऱ्यापासून पुढं या शुल्काच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. म्हणजे ५२ रुपये अधिक जीएसटी. हे चांगलं पाऊल होतं. एक घर म्हणजे एक ग्राहक, हे नियामकानं निदान चाळीस टक्क्यांपुरतं मानलं. जुलै २०२४ मध्ये त्याच ट्रायनं या शुल्कावरची मर्यादा काढून घेतली आणि दर बाजारावर सोडला. घर पुन्हा डब्यांच्या हिशेबात मोजायची मोकळीक कंपन्यांना मिळाली.

आता रेकॉर्डरकडे येऊ.

ऑक्टोबर २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला आणि आपल्याकडे डब्यातच हार्डडिस्क बसवलेला रेकॉर्डर घराघरांत जाऊ लागला. पुढच्या दोन-तीन वर्षांत एचडी रेकॉर्डर आले. मराठी वाहिन्या २०१६ मध्ये एचडी झाल्या, तेव्हा या डब्यांना आपल्या घरांत खरं काम मिळालं. एचडीतला एक तास साधारण तीन-चार जीबी जागा खातो. पाचशे जीबीच्या डिस्कवर सव्वाशे-दीडशे तास बसतात. एवढ्या साठ्यावर अख्खं घर महिनाभर पाहील. पण तो साठा एका खोलीत अडकला.

ले-आउटमधल्या एका घरी असा डबा बसवताना मी हजर होतो. स्लॅबवर छत्रीचा पोरगा दोन वायरा सोडत होता. खाली काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या.

"दोन वायरा काऊन लागते रे?"

"एक पाहाले अन् एक भराले, काकू."

"मंग माह्या खोलीत?"

"तिकडं नवा डबा लागते. महिन्याचं वेगळं."

"अन् याच्यात भरलेलं तिकडं दिसीन?"

पोरगा थांबला. "नाही दिसत," म्हणाला, आणि वायरीला कनेक्टर लावू लागला. त्या पोराची यात काही चूक नाही. तो खरं बोलला.

दोन वायरांमागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढं घरोघरी जी फसगत होते ती इथंच होते. छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी असतो, त्याला डबा वायरीतूनच व्होल्टेज पाठवतो. तेरा व्होल्ट म्हणजे उभी लहर दे, अठरा म्हणजे आडवी दे. ज्या सेवेच्या वाहिन्या दोन्ही लहरींत वाटलेल्या असतात, तिथं एक वायर एका वेळी एकीचंच ऐकते. डब्याला एक वाहिनी दाखवून दुसरी भरायची असेल, तर त्याला दोन वायरा आणि दोन तोंडांचा एलएनबी हवा. जुन्या केबलच्या सवयीनं लोक छत्रीच्या वायरीला साधा स्प्लिटर लावतात. मग वरच्या खोलीत वाहिनी बदलली की खालच्या खोलीत काळा पडदा येतो, आणि भावाभावांत बोलाचाली होते. भांडण एलएनबीचं, तोंडं माणसांची वाकडी.

आपल्या गावात रेकॉर्डरला आणखीही शत्रू आहेत. वांदरं स्लॅबवर उतरली की छत्रीचा कोन हलतो आणि त्या रातचं रेकॉर्डिंग कोरं येतं. जोराच्या पावसात सिग्नल पडतो. लाइन गेली की डबा बंद, आणि ऐन प्रसंगाच्या मधोमध रेकॉर्डिंग तुटतं. यावरचे उपाय घरचेच आहेत. छत्रीचा बेस सिमेंटात घट्ट बसवा. डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. डबा छताच्या पंख्याहून कमी वीज खातो, टीव्ही बंद ठेवून नुसता डबा चालू राहिला तरी रेकॉर्डिंग होतं. पण हे सगळं करूनही काकूंच्या खोलीचा प्रश्न जागच्या जागी राहतो.

आणि मुद्दा काकूंच्या खोलीचाच आहे. संध्याकाळी साडेसात ते रात्री दहा हा मालिकांचा वेळ. हाच पोळ्यांचा, ताटं वाढण्याचा, भांड्यांचा, उद्याच्या भाजीचा. ज्या बाईसाठी मालिका बनतात म्हणतात, तिलाच त्या वेळी बसता येत नाही. रेकॉर्डरनं तिला दुपार दिली. जेवणं आटोपल्यावर, दोन ते चारच्या मधे, हात मोकळे असताना, जाहिराती पुढं ढकलत आपली मालिका पाहायची. हे लहान सुख नाही. दिवसभरात तिच्या मर्जीचा असा तेवढाच एक तास असतो. पण दुपारी बैठकीत सासरे आडवे झालेले असतात, नाहीतर कुणी भेटायला आलेलं असतं, सुट्टीच्या दिवशी क्रिकेट असतं. मोठा टीव्ही बैठकीत, रेकॉर्डर बैठकीत, आणि बैठक पुरुषांची. ज्या तासासाठी रेकॉर्डर आणला तो तास तिच्या हातून गेला. पुरुषांनो, घरातला रिमोट दिवसभर कुणाच्या हातात असतो ते एकदा पाहा आणि मग सांगा, हा फक्त वायरीचा विषय आहे का.

शेतकऱ्याचंही असंच. सह्याद्री वाहिनीवरचा शेतीचा कार्यक्रम घ्या. तो लागतो तेव्हा माणूस घरी असेलच असं नाही. कपाशीच्या वेचणीत नाहीतर सोयाबीन काढणीत घड्याळ कोण पाहतो? कार्यक्रम भरून ठेवायचा आणि रात्री आपल्या खोलीत निवांत पाहायचा, फवारणीची माहिती दोनदा मागं नेऊन ऐकायची. रेकॉर्डर त्यासाठीच आहे. पण रात्री बैठकीत मालिका चालू. म्हणजे इकडं बाईची अडचण, तिकडं बाप्याची. एकाच घरात दोघंही आपापल्या खोलीत पाहू शकले असते.

लोकांनी यावर मार्ग काढले, काढणारच. सर्वांत स्वस्त मार्ग डब्याच्या पाठीशीच असतो. बऱ्याच डब्यांना एचडीएमआयच्या जोडीला पिवळं-लाल-पांढरं असं जुनं आउटपुट असतं आणि दोन्ही एकाच वेळी चालू राहतात. एचडीएमआय बैठकीतल्या टीव्हीला, तीन रंगांची लांब तार आतल्या टीव्हीला. आत चित्र एचडी राहत नाही, पण दिसतं. चित्र चांगलं हवं तर एचडीएमआय स्प्लिटर घ्या, एक आत, दोन बाहेर. लांब एचडीएमआय तार दहा-पंधरा मीटरनंतर दगा देते, म्हणून वरच्या मजल्यावर न्यायचं तर कॅट-सिक्स तारेवर चालणारा एक्स्टेंडर घ्यावा, तो आपल्याकडच्या घरांना पुरून उरतो. रिमोटचा डोळाही आतल्या खोलीपर्यंत ओढता येतो, त्याची तार मिळते. स्प्लिटर स्वस्तातला आणि दोन टीव्हींतला एक जुना असेल, तर दोन्हीकडे कमी प्रतीचं चित्र येऊ शकतं. विकत घेण्याआधी दुकानात दोन टीव्हींवर लावून दाखवायला सांगा.

हे सगळं करा, मी करा म्हणतो. पण यात खरी वाटणी नाही. दोन्ही टीव्हींवर एकच चित्र येतं. बैठकीत क्रिकेट चालू असेल तर आतही क्रिकेट. काकूंना त्यांची मालिका हवी असेल तर बैठकीतल्यांनी क्रिकेट सोडावं लागतं. एका डब्यातून एका टीव्हीवर थेट प्रक्षेपण आणि त्याच वेळी दुसऱ्यावर साठवलेलं, ही सोय डब्याच्या आतून यावी लागते. ती तारेनं येत नाही.

आतून येऊ शकते का? येऊ शकते. अमेरिकेत टिवो कंपनीनं २००३ मध्येच एका खोलीतल्या रेकॉर्डरमधलं दुसऱ्या खोलीत पाहायची सोय दिली. तिथल्या डिश नेटवर्कनं (आपल्याकडच्या डिश टीव्हीशी तिचा संबंध नाही) २०१२ मध्ये हॉपर नावाचा एक मुख्य रेकॉर्डर आणला आणि त्याला जोडायचे जोई नावाचे लहान डबे. हार्डडिस्क एकाच ठिकाणी, लहान डब्यांना डिस्क नाही, घरातल्या त्याच कोअॅक्स, म्हणजे छत्रीच्या, तारेवरून रेकॉर्डिंग खोलीखोलीत फिरतं. एका खोलीत अर्धवट थांबवलेला कार्यक्रम दुसऱ्या खोलीत तिथूनच पुढं सुरू होतो. हे सगळं कुलूप न तोडता. कुलूप आहेच, पण ते घराच्या दाराला आहे, आतल्या खोल्यांना नाही.

आणि आपल्याकडेही तंत्र नव्हतं असं म्हणायची सोय नाही. २०१५ मध्ये टाटा स्काय प्लस ट्रान्सफर आला. त्यात डब्यातलं रेकॉर्डिंग वायफायवरून मोबाईलवर घेता यायचं. मग सांगा, जे रेकॉर्डिंग घरातल्या हवेतून खिशातल्या फोनपर्यंत पोचू शकतं, ते शेजारच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत का पोचू नये? अभियंत्यांनी दार उघडून दाखवलं होतं. ते अर्धंच उघडं ठेवायचं हे धंद्यानं ठरवलं, कारण दुसऱ्या खोलीत दुसरं कनेक्शन विकायचं होतं.

कंपन्यांचं एक उत्तर ठरलेलं असतं: चोरी होईल, लोक रेकॉर्डिंग विकतील. या भीतीत तथ्य आहे, आणि ज्यांनी मेहनतीनं कार्यक्रम बनवला त्यांचं नुकसान व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. पण कायदा काय म्हणतो ते पाहा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ३९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या ध्वनी वा दृश्य रेकॉर्डिंगनं प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. खऱ्याखुऱ्या शिकवण्यासाठी नाहीतर संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगनंही होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५ए आलं, डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा देणारं. त्यातही शिक्षा आहे ती हक्कभंगाच्या हेतूनं तोडणाऱ्याला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तर १७ जानेवारी १९८४ लाच सोनीच्या बेटामॅक्स खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, घरी नंतर पाहण्यासाठी रेकॉर्ड करणं वैध ठरवलं होतं.

म्हणजे संसदेनं घराला रेकॉर्ड करायची मुभा दिली आहे. कंपनीचा डबा ती मुभा एका खोलीपुरती करतो. वर रिचार्ज संपला की बऱ्याच डब्यांवर आधीचं भरलेलंही उघडत नाही. कंपनी बदलली तर सगळा साठा गेलाच, डब्याला बाहेरून लावलेली यूएसबी डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी ती वाचली जात नाही. सात जन्म पुरेल एवढं साठवून ठेवायचं कुणी म्हणत नाही. पण गणपतीत घरच्या पोराची मुलाखत स्थानिक वाहिनीवर लागली, ती आईनं भरून ठेवली, आणि डबा बदलताना ती गेली, असं घडतं. त्या आईला कंपनीनं काय सांगायचं?

"मोबाईलवर अॅपमध्ये पाहा की," असं आता सर्रास सांगितलं जातं. पोरांना ते चालतं. साठीच्या बाईला पाच इंचाच्या काचेवर मालिका पाहा म्हणून सांगणं मला पटत नाही. अॅपवरचा भाग किती दिवस ठेवायचा हे कंपनी ठरवते, जाहिराती पुढं ढकलता येत नाहीत, आणि आता तिथंही घराची मोजणी सुरू झाली आहे. नेटफ्लिक्सनं भारतात २० जुलै २०२३ पासून पासवर्ड वाटून वापरणं बंद केलं. एक खातं एका घरापुरतं. ठीक आहे. पण एक गंमत विचार करण्याजोगी आहे: नेटफ्लिक्सला निदान घर म्हणजे काय ते कळतं, त्या घरातल्या सगळ्या टीव्हींवर खातं चालतं, एका वेळी किती पडदे ते योजनेवर. डबेवाल्या कंपन्यांनीही घर हेच माप धरावं. त्यापेक्षा जास्त मी काही मागत नाही.

नियामकाला हे ठाऊक नाही असं नाही. २००१ च्या डीटीएचच्या, म्हणजे छत्रीवरच्या टीव्हीच्या, मार्गदर्शक सूचनांपासून डबा खुल्या बांधणीचा असावा, एका कंपनीचा दुसरीकडे चालावा, असं कागदावर आहे. ११ एप्रिल २०२० ला ट्रायनं पुन्हा शिफारस केली, की डीटीएचचे डबे डीटीएचमध्ये आणि केबलचे केबलमध्ये एकमेकांशी जुळणारे हवेत आणि टीव्हीतच तशी जागा हवी. आपल्या घरातले डबे पाहा आणि सांगा त्यातलं किती उतरलं. शिफारशीत एक ओळ मात्र नव्हती आणि ती मला हवी आहे: ज्या डब्यात रेकॉर्डिंगची सोय आहे, त्यातलं रेकॉर्डिंग त्याच घराच्या नेटवर्कवरच्या प्रत्येक टीव्हीवर, जादा शुल्क न घेता, दिसलं पाहिजे. कुलूप घराच्या उंबऱ्यावर राहू द्या. उंबऱ्याच्या आत नको.

ट्राय दर बदलण्याआधी चर्चापत्र काढते आणि त्यावर कुणीही नागरिक लेखी मत पाठवू शकतो. कंपन्या पानंच्या पानं पाठवतात, ग्राहक पाठवत नाही. पुसदातून पत्रं जाऊ द्या, मराठीत जाऊ द्या. आणि डबा घेताना पैसे मोजण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: याच्यात भरलेलं दुसऱ्या खोलीत दिसेल का, रिचार्ज संपल्यावर उघडेल का, आणि डबा बिघडून नवा दिला तर जुनं रेकॉर्डिंग येईल का. उत्तर पावतीवर लिहून मागा. आधीच घेतला असेल तर ग्राहक सेवेला फोन करून हीच तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो नंबर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.